अप्पांची पेटी आणि माझे काळे हात

रेडमंड,
२८ ऑक्टोबर २००७

ती. अप्पा यांना,

परीक्षितचा साष्टांग नमस्कार. आईंनाही सांगावा. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (मागच्या रविवारी फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणालात, पण तुमच्या मागून आई "काही बरा नाही" म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं. आईंचं खरं धरून विचारतो आहे.) इकडे मी, नेत्रा आणि शरयू खुशाल आहोत. पाऊस सुरू झाला आहे, म्हणजे आता एप्रिलपर्यंत सूर्याचं आणि आमचं काही देणंघेणं नाही. शरयू पहिलीत गेली. तिला मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर येतं, पण विचारलेलं सगळं कळतं, विशेषतः आम्ही तिला कळू नये म्हणून बोलतो ते.

खरं तर ई-मेल केला असता. पण तुमच्या चौकातला तो सायबर कॅफेवाला तुमचे ई-मेल तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो असं ज्ञानदाताईंकडून कळलं, आणि पुढे जे लिहिणार आहे ते अख्ख्या साताऱ्याने ऐकावं असं नाही. म्हणून कागद आणि पेन. अक्षर वाईट आहे. दोन बोटं अजून सुजलेली आहेत, त्याचं कारण पुढे येईलच.

अप्पा, विषय तुमच्या पेटीचा आहे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तुम्ही चौतीस वर्षं वापरलेली, आतून हिरवं कापड लावलेली, चोवीस खाचांची पान्यांची पेटी. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन ती उघडून दाखवली होतीत. (इतर सासरे होणाऱ्या जावयाला अंगठी दाखवतात. माझी तक्रार नाही.) तेवीस पाने चकचकीत, आणि मध्ये एक रिकामी खाच, सतरा नंबरची. तो पाना तुमच्या हाताखालच्या दिगंबरने लांबवला आणि तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. आणि शेवटी म्हणालात, की मला मुलगा नाही, दोन जावई आहेत. ज्याचे हात काळे होतात त्याला ही पेटी जाईल. मी तेव्हा नुसती मान डोलावली. सॉफ्टवेअरमध्ये हात काळे करायची सोय नसते, आणि राजसरावही त्याच धंद्यात असल्यामुळे मी निश्चिंत होतो.

तोच राजस जुलैमध्ये पिकअप ट्रक घेतो काय, आणि ऑगस्टमध्ये त्याला रॉक स्लायडर बसवतो काय! तुम्हाला त्याने फोटो पाठवला, म्हणजे वस्तू तुम्हाला माहीत आहे, तरी आईंसाठी लिहितो. दाराच्या खाली, गाडीच्या दोन्ही अंगांना, लांबच्या लांब जाड लोखंडी पाइप चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने पक्के करतात. डोंगरातल्या वाटेवर मोठा दगड लागला तर पत्रा चेपत नाही, गाडी त्या पाइपवरून घसरून पुढे जाते. आता मला सांगा, राजसला कुठे दगड लागणार आहे? ऑफिस, घर, इंडियन ग्रोसरी आणि मंडळाची मीटिंग. त्या ट्रकने आजवर पाहिलेला सर्वांत मोठा दगड म्हणजे लायब्ररीच्या पार्किंगमधला सिमेंटचा ठोकळा. पण तो फोटो तुम्ही सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना दाखवलात, आणि त्या रविवारी स्पीकरफोनवर, नेत्रा, मी आणि शरयू तिघंही ऐकत असताना म्हणालात, "राजसने गाडीखाली झोपून स्वतः लोखंड चढवलं. पेटी त्यालाच द्यावी म्हणतो. मे महिन्यात येताना घेऊनच येतो."

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत. मी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून करून पाहिला. ट्रकखालून फक्त दोन पाय बाहेर आले आहेत. (पँटला इस्त्रीची घडी आहे. मी काही म्हणत नाही. फक्त घडी आहे एवढंच म्हणतो.) राजसचं घर तळ्याकाठी, त्याला माझ्याआधी ग्रीन कार्ड, त्याचं लॉन हिरवं आणि माझ्या लॉनवर शेवाळ, हे सगळं मी सहन केलं. दर दिवाळीला त्याच्या चकल्या कुरकुरीत आणि माझ्या हातच्या मऊ, हेही केलं. पण पेटी? नाही अप्पा. माझा अगदी तिळपापड झाला.

सप्टेंबरमध्ये मी जुना पिकअप ट्रक घेतला. नेत्राने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, कंपोस्ट आणायला. आमच्याकडे झाडं तीन आहेत, त्यातलं एक प्लास्टिकचं. तिने माझ्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि "बरं" म्हणाली. तुमच्या मुलीचं "बरं" तुम्हाला माहीत आहेच. मग स्लायडर मागवले. दोन खोकी आली, एकेक शरयूच्या दुप्पट वजनाचं. पोचवणारा माणूस ती ड्राइव्हवेवर टाकून असा पसार झाला की जणू चोरीचा माल. आणि त्याच दिवशी मी दुकानात जाऊन पान्यांचा मोठा सेट आणला, लाल डब्यातला. ट्रक जपानी बनावटीचा, त्याचे नट मिलिमीटरमध्ये. मी आणलेला सेट अख्खा इंचांमध्ये. (अप्पा, कृपा करून हे वाक्य फिरायच्या ग्रुपमध्ये वाचू नका.)

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी ऑफिसातून सुट्टी घेतली. बॉसला सांगितलं, धार्मिक काम आहे. रविवारी दसऱ्याला आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता, शाळेच्या हॉलमध्ये. टेबलं, स्पीकर आणि श्रीखंडाचे डबे न्यायला दोन पिकअप हवे होते, एक राजसचा आणि एक माझा. तिथे सगळ्यांसमोर माझे स्लायडर दिसावेत, फोटो निघावा आणि तो सोमवारी साताऱ्याला रवाना व्हावा, असा माझा सरळ साधा बेत होता. यात वाईट काय?

जॅक लावून ट्रक वर घेतला, चार स्टँडवर ठेवला. इथपर्यंत एक तास लागायला हवा होता, साडेतीन लागले. शरयू शाळेतून आली, गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, व्हाय इज इट इन द एअर? राजसकाकांचा ट्रक खालीच असतो." मी तिला आत जाऊन होमवर्क करायला सांगितलं. मग उजव्या बाजूचा स्लायडर छातीवर घेऊन, पाठीवर झोपून, पायांनी ढकलत ढकलत गाडीखाली गेलो. (इथे ती दोन बोटं. एक नटाखाली आणि एक त्या नटावरून पाना सटकला तेव्हा.) इंचाचा पाना मिलिमीटरच्या नटावर नुसता फिरतो, अप्पा, काम काहीच करत नाही, मंडळाच्या कमिटीसारखा. शेवटी घरातला अॅडजस्टेबल पाना काढला आणि त्याने एकदाचा उजवा स्लायडर चढला. नेत्रा चहा घेऊन आली. कप माझ्या पोटावर ठेवला, कारण वरचा भाग गाडीखाली होता. वाकून पाहिलं आणि म्हणाली, "उलटा बसवलायस." मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं की चासी म्हणजे काय, भार कुठे येतो, दगड कुठून लागतो. तिने शांतपणे ऐकलं आणि आत गेली. मग मी खोक्यातला सूचनांचा कागद उघडून पाहिला. उलटा होता. काढला, पुन्हा सरळ बसवला. तिला सांगितलं नाही, पण खोकल्यासारखा आवाज स्वयंपाकघरातून आला.

डाव्या बाजूला पेट्रोलची टाकी आडवी येते. तिथे अॅडजस्टेबल पान्याचं जाडं डोकं शिरत नाही. तिथे एकच इलाज, सतरा नंबरचा पाना. माझ्याकडे तो नाही. डावा स्लायडर दोन बोल्टांवर लटकावला, खाली जॅकचा टेकू दिला आणि ठरवलं की सकाळी जाऊन सतरा नंबर घेऊन यायचा.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर सगळी हत्यारं गायब. मला वाटलं, चोरी! मनात म्हटलं, या देशात आता हेही? आत आलो तर दिवाणखान्यात टेबलावर नवं कापड, त्यावर माझे सगळे पाने रॉकेलने पुसून ओळीने लावलेले, हातोडी, ड्रिल, पक्कड, नेत्राचा लॅपटॉप, मिक्सर आणि भाजीची सुरी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. खंडेनवमी! पाने लहानापासून मोठ्यापर्यंत असे सुरेख लावले होते की मला स्वतःलाच माझ्या हत्यारांचा आदर वाटला. (मध्ये एक जुना काळपट पानाही होता. ट्रकच्या आधीच्या मालकाचा सीटखाली राहिला असणार, असं मी धरून चाललो.) आणि तुमच्या घरची रीत तुम्हीच मुलींना शिकवलेली: एकदा पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, दुकानातून एक नवा सतरा नंबर आणतो. नेत्रा म्हणाली, आण की, तो आला की आधी टेबलावर जाईल. मी तुमचं नाव घेऊन विनवलं. तिने तुमचंच नाव घेऊन नाही म्हटलं.

तर अशी परिस्थिती. बाहेर पाऊस, आत ट्रक हवेत, एक स्लायडर बसलेला, एक लटकलेला, आणि उद्या अकरा वाजता श्रीखंड. माझ्या डोक्यात आलं, साडूच्या हत्यारांना आपल्या घरची पूजा लागू होत नाही. शिवाय राजस काही इतका देवभोळा नाही. म्हणून मी मान खाली घालून (ही मान माझी होती, अप्पा, आणि ती मी तुमच्या पेटीसाठी घातली) नेत्राच्या गाडीतून राजसकडे गेलो, त्याच्याकडे सतरा नंबर मागायला.

विसरलो होतो की त्याची बायको, ज्ञानदाताई, हीही तुमचीच मुलगी. त्यांच्याकडे देव्हाऱ्यासमोर पाट मांडलेला, पाटावर राजसची हत्यारं. माझ्यापेक्षा दुप्पट! चकाकणारा तीन खणी डबा, नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच, सगळा सेट मिलिमीटरमध्ये. माझ्या काळजात कळ आली. मग मी नमस्कार करायला वाकलो आणि थांबलो. हळदकुंकू प्लास्टिकवर लागलं होतं. डब्याचं सील शाबूत. टॉर्क रेंचवर दुकानाचं स्टिकर. एकाही पान्याला कधी कुणाचा हात लागलेला नव्हता.

मी वर पाहिलं. राजस माझ्याकडेच पाहत होता. मग तो म्हणाला, "कॉफी घेणार?"

अप्पा, कॉफी पिताना त्याने सगळं सांगितलं. स्लायडर एका गॅरेजवाल्याने बसवले. राजस स्वतः गाडीखाली दहा मिनिटं होता, मग ते एवढं वजन आपल्या डोक्यावर आहे हा विचार आला आणि तो सरपटत बाहेर आला. फोटो नंतर काढला, ज्ञानदाताईंनी, गाडी जमिनीवर असताना. तुम्ही इतके खूश झालात की मग त्याला खरं सांगवेना. आणि मग त्याने मला विचारलं, "यार, तू खरंच स्वतः खाली झोपून बसवलास? उजवा पूर्ण?" मी सुजलेली बोटं दाखवली. त्याने ती बोटं अशा नजरेने पाहिली की काय सांगू! तळ्याकाठच्या घरात बसलेला माणूस माझ्या सुजलेल्या बोटांवर जळत होता. दहा वर्षांत इतकी गोड कॉफी मी प्यायलो नव्हतो. अप्पांना सांगणार नाहीस ना, असं त्याने विचारलं, आणि मी त्याला शब्द दिला की फोनवर कधीही सांगणार नाही. (हे पत्र आहे.)

रविवारी दसरा. सकाळी लवकर पूजा झाली, आरती झाली, हत्यारं मोकळी झाली. मी सतरा नंबर आणायला दुकानात गेलो, परत आलो, आणि दोन्ही स्लायडर पक्के होऊन ट्रक आपल्या पायांवर जमिनीवर उभा होता. काम म्हणजे काम! एक नट हलत नाही. अकराच्या ठोक्याला आम्ही शाळेच्या हॉलपाशी हजर. श्रीखंड उतरवताना रेखाताई स्लायडरवर पाय ठेवून चढल्या, तरी तो तसूभर वाकला नाही. (रेखाताईंना तुम्ही पाहिलेलं नाही, पाहाल तेव्हा या वाक्याचं वजन कळेल.) लोक वाकून पाहत होते, आणि सगळ्यांत जास्त कौतुक राजस करत होता, "परीक्षितने घरी केलंय, घरी!" असं ज्याला त्याला सांगत होता. बिचारा. मला त्याची दया आली, आणि दया करण्यात जी मजा आहे ती मला प्रथमच कळली. फोटो सोबत जोडला आहे. ट्रकखालून आलेले पाय माझे. पँट नीट पाहा, घडी नाही.

आईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. शरयू तुम्हाला हाय म्हणते.

तुमचा,
परीक्षित

ता. क. : मे महिन्यात येताना बॅगेत वजनाची अडचण झाली तर लोणचं, पापड, भाजणी, सगळं राहू द्या. फक्त पेटी आणा. आता ती कोणाला द्यायची हे मी तुम्हाला सांगणं बरं दिसत नाही. सील न फोडलेला डबा कोणाकडे आहे आणि सुजलेली बोटं कोणाची, एवढंच लक्षात असू द्या.

आणखी एक ता. क. : पत्र टपालात टाकायला नेत्राकडे दिलं होतं. तिने वाचलं. पाकीट पुन्हा माझ्यासमोर ठेवलं आणि पोळ्या करायला गेली. तेव्हा एक दुरुस्ती करतो. फोटोतले पाय माझे आहेत. हात माझे नव्हेत. रविवारी मी दुकानातून आलो तेव्हा नेत्रा गाडीखालून बाहेर येत होती, पूजेच्या साडीवर माझा जुना रेनकोट घालून. डावा स्लायडर तिने पंचवीस मिनिटांत बसवला. आणि उजवाही तिने पुन्हा उघडून नीट आवळला. मी दोन वॉशर विसरलो होतो. रेखाताईंचं वजन तिने पेललं आहे, मी नव्हे.

मी विचारलं, हे तुला कुठून येतं? ती पोळी लाटता लाटता म्हणाली, दर खंडेनवमीला आम्ही दोघी बहिणी अप्पांचे पाने रॉकेलने धुवायचो, नंबरवार लावायचो, हळदकुंकू वाहायचो. डेपोच्या क्वार्टरच्या खिडकीतून वर्कशॉप दिसायचं. अकरा वर्षांची असताना मी म्हटलं, अप्पा, मला एक नट खोलू द्या. अप्पा हसले, म्हणाले, तू कुंकू लाव. पूजा झाली आणि पेटीला कुलूप.

ती रागाने बोलली नाही, अप्पा. म्हणून मला जास्त लागलं. मी आणि राजस, आम्ही दोघांनी त्या पेटीसाठी केलं काय, तर तुमच्या घरात लग्न केलं. आम्ही एकमेकांवर जळत होतो, आणि ती कधीपासून आमच्यावर जळत असेल याचा आम्हा दोघांना पत्ताही नव्हता. तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समजा. पेटी आणा, पण ती तिच्या हातात द्या, आणि किल्लीही. राजसवर जळणं मी सोडलं आहे. आता घरातच सोय झाली आहे.

शेवटचा ता. क. : पाकीट चिकटवताना मी तिला विचारलं, सतरा नंबर तर मी आणत होतो, मग तू डावा बसवलास कशाने? ती आतून तो जुना काळपट पाना घेऊन आली, ज्यावर अजून कुंकू होतं. तो ट्रकच्या मालकाचा नव्हता. तुमच्या पेटीतली रिकामी खाच त्याचीच आहे. अकराव्या वर्षी, कुलूप लागायच्या आधी, तिने तो परकराच्या ओच्यात घातला; लग्नाच्या बॅगेतून तो इथे आला. मे महिन्यात तो तुम्हाला परत मिळेल, खाचेत तीच ठेवणार म्हणते. पण तोपर्यंत थांबू नका, अप्पा. उद्या सकाळी फिरायला जाण्याआधी दिगंबरकाकांकडे जा.